पिवडीचं अस्तर

मला चित्रात म्हशी फार चांगल्या काढता येतात. नदीत पोटापर्यंत उभ्या, पाठीवर उतरतं ऊन घेतलेल्या दोन म्हशी. पाच वर्षं मी त्याच दोन म्हशी काढत होतो. त्या म्हशी नव्हत्याच, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर मी जे केलं ते सांगायला सत्तरी उलटावी लागली.

तेव्हा मी नळदुर्गला प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायचो. नोकरी वाईट नव्हती, पण माझा जीव तिच्यात नव्हता. चाळीस पोरं एका सुरात पाढे म्हणायला लागली की मी फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं झाड काढत बसायचो, आणि दारात मुख्याध्यापकांची सावली पडली की घाईघाईनं ते पुसायचो. चित्रकला सोडली तर आपण कोणीच नाही, हे मला त्या वयात पक्कं ठाऊक होतं. पण पेन्सिल आणि खडू यापलीकडं माझी मजल नव्हती. जलरंग तर मी हातातसुद्धा धरला नव्हता.

गावात जलरंग येणारा एकच माणूस होता. निजामाच्या काळात ते सरकारी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. विलीनीकरणानंतर ती उर्दू शाळा मराठी झाली आणि त्यांना वेळेआधीच घरी बसवलं गेलं. मग ते सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर थांबणाऱ्या ट्रकांचे नंबर रंगवायचे, ढाब्यांच्या पाट्या लिहायचे. मी त्यांना मास्टरसाब म्हणायचो. ते मला गुरुजी म्हणायचे, कारण प्राथमिक शाळेतल्या मास्तरला सगळं गावच गुरुजी म्हणतं. शिकवणारे ते आणि गुरुजी मी, यावर त्यांच्या पत्नी, सगळ्यांच्या अम्मा, पडद्याआडून हसायच्या.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक चित्र होतं. शाळेतल्या दोन पाट्या शेजारी ठेवल्या तर होईल एवढं. कोण्या इंग्रज चित्रकारानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी काढलेल्या मोठ्या चित्राची ती छापील प्रत होती. त्या काळच्या त्या लोकांना पडकी देवळं, दऱ्या, धुकं आणि माणसाचं एकटेपण यांचं वेड होतं, असं मी पुढं वाचलं. चित्रात एक पडकं चर्च होतं, छत उडालेलं. त्याच्या कमानीतून आभाळ दिसायचं. खाली रुंद नदी, नदीत दोन जनावरं, आणि काठावर पाठमोरा उभा असलेला एक माणूस, एवढासा. सगळ्यावर पिवळसर तांबूस उजेड पसरलेला होता, जणू दिवस आत्ताच बुडाला. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं. बोरी नदीच्या काठी वाढलेल्या माणसाला परदेशातली नदी बघून रडू का यावं, मला सांगता येणार नाही. आलं एवढं खरं.

चित्राला चौकट होती, काच नव्हती. काच पोलीस ॲक्शनच्या त्या सप्टेंबरात फुटली, असं मास्टरसाब एकदा म्हणाले. त्याच दिवसांत त्यांचा एकुलता एक मुलगा गेला. तो हैदराबादला कॉलेजात होता आणि हे चित्र त्यानंच वडिलांसाठी आणलं होतं. कसा गेला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या भागात त्या दिवसांबद्दल कोणी कोणाला विचारत नसे. मुलाचा एकही फोटो घरात नव्हता. म्हणून दर गुरुवारी दिवेलागणीला, म्हणजे त्यांच्या जुमेरातीला, अम्मा त्या चित्राखालच्या कोनाड्यात निखाऱ्यावर लोबान टाकायच्या. गेलेली माणसं त्या संध्याकाळी घरी येऊन जातात, असं त्या मानत. खोली धुरानं भरायची, माझे डोळे चुरचुरायचे, मी ब्रश धुऊन ठेवायचो आणि निघायचो. पाच वर्षं मी त्या धुरात बसलो आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही. डोळे असून आंधळा म्हणतात तो मी.

आमच्याकडं जलरंग करणं म्हणजे उन्हाशी भांडण. कागद आधी भिजवायचा, तो ओला आहे तोवर रंगाचा हात एका दमात वरून खाली आणायचा. इंग्लंडात म्हणे कागद अर्धा अर्धा तास ओला राहतो. नळदुर्गला एप्रिलात हात खाली येईपर्यंत वरचा अर्धा खडखडीत वाळलेला असायचा आणि मधे डाग पडायचा. मास्टरसाबांनी त्यावर उपाय काढला होता. दाराला आणि खिडकीला ओली तरटं टांगायची, फळीवर ओलं फडकं अंथरायचं आणि त्यावर कागद ठेवायचा. विहिरीचं पाणी खारं, त्यानं रंग फाटतो, म्हणून मी सकाळी नदीवरून घागर भरून न्यायचो. शाळेतली पोरं मला घागर खांद्यावर घेतलेला बघून हसायची. हसू देत, म्हणायचो.

त्यांची शिकवण्याची रीत एकच होती. सुरुवातीला सगळ्या कागदावर पिवडीचा पातळ हात. पिवडी म्हणजे भिंतीला लावतात तोच पिवळा मातीचा रंग, फक्त वडीतला. याला ते अस्तर म्हणायचे. अस्तर वाळलं की मग त्यावर आभाळ, चर्च, नदी, जनावरं. जलरंगात पांढरा रंग नसतो, कोरा कागद हाच उजेड, असं पुस्तकं सांगतात. पण आमच्या चित्रात कोरा कागद कुठंच नव्हता. सगळीकडं अस्तर. भिंतीवरच्या चित्रातही पांढरं असं काही दिसत नव्हतं, त्यामुळं मला ते बरोबरच वाटायचं.

"पानी कू उसका काम करने देव, गुरुजी," ते म्हणायचे. "तुमी बीच में नक्को."

पहिल्या वर्षी मी बीचमधेच होतो. चर्च चिखलाचं व्हायचं, नदी दोरीसारखी. दुसऱ्या वर्षी कमान जमली. तिसऱ्या वर्षी एकदा तो उजेड माझ्या कागदावर उतरला. मास्टरसाबांनी अम्मांना बोलावून ते दाखवलं. अम्मा पदर सावरत आल्या, चित्र बघितलं, भिंतीवरचं बघितलं आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी मी घरी कसा गेलो मला आठवत नाही. जमिनीला पाय लागत नव्हते.

मी अधूनमधून म्हणायचो की बाहेर बसून काढू या. किल्ला आहे, नदी आहे, बंधाऱ्यावरून पडणारं पाणी आहे. मास्टरसाब मान हलवायचे. आधी हे पुरतं उतरू द्या, मग बाहेर, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. खरं सांगायचं तर मलाही घाई नव्हती. मी बाहेर बघायचो तेव्हाही मला तेच चित्र दिसायचं. किल्ल्याचा बुरूज म्हणजे पडकं चर्च, बोरी म्हणजे ती नदी. दुपारच्या बाराच्या उन्हातसुद्धा माझ्या डोळ्यांपुढं पिवडीचं अस्तर असायचं.

चौथ्या वर्षी गावच्या नव्या हायस्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तरची जागा निघाली. हेडमास्तर मला ओळखत होते. वर्षभर जागा धरून ठेवतो, म्हणाले, तेवढ्यात परीक्षेचं प्रमाणपत्र आणा. आमचा जिल्हा आता मुंबई राज्यात गेला होता, त्यामुळं परीक्षा मुंबईची आणि केंद्र सोलापूरला. पहिलीच्या वर्गातून सुटायची ही माझी एकच वाट होती आणि त्या वाटेवर एकच भीती होती, ती निसर्गचित्राच्या पेपरची. मास्टरसाबांना मी सांगितलं तर ते म्हणाले, भिऊ नका, तुमचा हात आता पक्का झाला आहे. मीसुद्धा तसंच समजत होतो. घरी आईलाही सांगून टाकलं होतं की मी हायस्कूलचा मास्तर झाल्यातच जमा आहे.

थंडीचे दिवस होते. सकाळी सातला आम्हा सगळ्यांना सोलापूरच्या तलावाकाठी बसवलं. समोर पाणी, पलीकडं देवळाची शिखरं, वर धुवट निळं आभाळ. मी कागद भिजवला. अस्तर दिलं. सोलापूरची ती गार हवा, कागद कसा छान ओला राहिला. मी असं चित्र काढलं की मला वाटलं, आज मास्टरसाब इथं हवे होते.

परीक्षक पांढऱ्या टोपीतले वयस्क गृहस्थ होते. प्रत्येकाच्या मागं थोडा थोडा वेळ थांबत होते. माझ्या मागं जरा जास्तच थांबले. मला आतून गुदगुल्या झाल्या. कागद गोळा करून झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या चित्रात किती वाजलेत?"

मी म्हणालो, सकाळचे सात-साडेसात.

"मग हे संध्याकाळचं ऊन कुठून आलं?"

मी कागदाकडं बघितलं आणि मग तलावाकडं बघितलं. त्या सकाळी पहिल्यांदाच तलावाकडं बघितलं म्हणा ना. पाणी राखी निळं होतं, शिखरं गार होती, कुठंही पिवळं नव्हतं. माझ्या कागदावर दिवस बुडत होता. शेजारच्या पोरानं काढलेलं चित्र माझ्यापेक्षा कच्चं होतं, पण त्यात सकाळ होती.

त्यांनी विचारलं, कोणाकडं शिकलात, कशावरून. मी चित्राचं वर्णन केलं. चर्च, कमान, नदी, म्हशी, पाठमोरा माणूस. म्हशी म्हटल्यावर ते हसले. हसणं कुत्सित नव्हतं, म्हणून ते मला जास्त लागलं. केंद्राच्या शाळेत त्यांनी मला कपाटाजवळ नेलं, एक जाड पुस्तक काढलं आणि पान उघडून माझ्यापुढं धरलं. तेच चित्र. तीच कमान. पण सगळं निळं. पहाट होती ती. कमानीतून दिसणारं आभाळ काचेसारखं स्वच्छ, नदीवर पांढरं धुकं, आणि पाण्यात उभ्या दोन पांढऱ्याशुभ्र गाई. माणूस संध्याकाळी घराकडं निघालेला नव्हता. तो उजाडायची वाट बघत होता.

परत येताना एस.टी.च्या खिडकीतून मी बाहेर बघितलं नाही. नळदुर्ग येईपर्यंत मला सगळं कळलं होतं. काच नसलेलं चित्र. खालचा कोनाडा. दर गुरुवारी एक थर. मी पाच वर्षं इंग्रज चित्रकाराकडून शिकत नव्हतो, मी लोबानचा धूर उतरवत होतो. आणि मला लाज वाटायला हवी होती, तर आला तो राग. मास्टरसाबांनी हे निळं बघितलेलं होतं, चित्र नवीन असताना बघितलेलं होतं. मला फसवलं, असं माझ्या मनानं घेतलं.

दुसरा दिवस शुक्रवार होता. दुपारी मी त्यांच्याकडं गेलो. मास्टरसाब नमाजला गेले होते, अम्मा आत होत्या. मी बेकरीतला शिळा पाव बरोबर घेतला होता. पेन्सिलीचा काळेपणा पावाच्या गरानं खोडायचा, ही त्यांनीच शिकवलेली युक्ती. चित्र भिंतीवरून उतरवलं, फळीवर ठेवलं आणि वरपासून खालपर्यंत एक पट्टा घासत आणला. पाव काळा व्हायचा, तो टाकायचा, दुसरा तुकडा घ्यायचा. मग ओल्या कापसानं. निळं वर यायला लागलं. कमानीचा अर्धा भाग निळा झाला, नदीचा एक तुकडा, आणि खाली एक म्हैस पांढरी झाली. मला आनंद झाला हे मी लपवत नाही. दुष्ट आनंद होता तो. कागदही थोडा खरवडला गेला, त्याची मी फिकीर केली नाही.

मास्टरसाब दारातलं तरट बाजूला करून आत आले. टोपी काढली. त्यांनी चित्राकडं बघितलं, फळीखाली पडलेल्या काळ्या चुऱ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी तयारीतच होतो. म्हणालो, मास्टरसाब, ही सकाळ आहे. ह्या गाई आहेत. मी नापास होणार आहे, आणि तुम्हाला हे माहीत होतं.

"माहीत व्हतं," ते म्हणाले. "त्यानं आणलं तवा निळंच व्हतं. मग रोज बघत गेलो, रोज थोडं थोडं बदललं. कवा पिवळं झालं ते कळलं न्हाय. मला आता त्ये निळं आठवत बी न्हाय, गुरुजी. दिसतं त्येच तुमाला शिकवलं."

मी काहीतरी बोललो. माझं आयुष्य, माझी जागा, असं काहीतरी. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग ते खाली बसले आणि काळा झालेला पावाचा चुरा एकेक कण करून रुमालात गोळा करायला लागले. अन्न पायाखाली येऊ द्यायचं नाही, ही त्यांची रीत मला ठाऊक होती. पण ते चुऱ्याकडं अन्न म्हणून बघत नव्हते. फरशीच्या फटीतलासुद्धा त्यांनी नखानं काढला.

"पुसायचं व्हतं तर विचारून पुसायचं," खाली बघतच ते म्हणाले. "माझ्या लेकाच्या जुमेराती व्हत्या त्या."

मी उभाच होतो. वाकून दोन कण उचलावेत एवढंही माझ्याकडून झालं नाही. ते रुमालाची गाठ मारून नदीकडं गेले आणि मी माझ्या घरी गेलो.

निकाल लागला. निसर्गचित्रात नापास. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी आणखी एक वर्ष थांबायची दया दाखवली. मी घरात एकटा बसून निळं करायला लागलो. करायचो आणि ते हिरवट व्हायचं. पहिल्यांदा वाटलं रंग खराब, मग वाटलं पाणी. नंतर लक्षात आलं की कागद भिजवला की माझा हात माझ्याही नकळत पिवडीत जातो आणि अस्तर देऊन मोकळा होतो. त्यावर निळं गेलं की हिरवंच होणार. मी पिवडीची वडी फेकून दिली, तर हात दुसरा कुठला तरी पिवळा शोधायचा. माझ्या सगळ्या पहाटा शेवाळल्यासारख्या झाल्या. दुसऱ्या वर्षी सोलापूरला तेच झालं, आणि या वेळी परीक्षक माझ्या मागं थांबलेसुद्धा नाहीत. जागेवर बार्शीकडचा एक मुलगा आला. चांगला होता. मी परत पाढ्यांकडं गेलो.

त्या दोन वर्षांत मी मास्टरसाबांकडं एकदाही गेलो नाही. एकदा बेकरीवाल्याजवळ त्यांनी निरोप ठेवला होता की गुरुजींना सांगा, आता बाहेर बसून काढू, किल्ल्यात. मला वाटलं, माणूस सभ्य आहे, तोंडदेखलं बोलावतो आहे. मनातून त्यांनी मला कधी माफ केलं नसणार. रस्त्यानं ते दिसले की मी बाजारातून वळसा घालून जायचो. एवढंसं गाव, वळसा तरी किती घालणार, पण मी घातला.

ते पावसाळ्यात गेले. मी मयतीला गेलो, सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. चाळिसाव्या दिवसानंतर अम्मांनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. त्या हैदराबादला भावाकडं जायच्या होत्या, घरातलं सामान बांधून झालेलं होतं. पडद्याआडून नाही, समोर येऊन त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळलेलं चित्र माझ्या हातात दिलं. तुमच्यासाठी ठेवायला सांगून गेले, म्हणाल्या.

मी चादर सोडली. मला वाटलं होतं, दोन वर्षांच्या धुरानं माझा पट्टा आता बुजला असेल, निदान मळला तरी असेल. तो तसाच होता. अर्धी कमान निळी, नदीचा तुकडा निळा, एक गाय पांढरी. शेजारी एक म्हैस. मी अम्मांकडं बघितलं.

"लोबान मैं चुल्हे के पास जलाती थी," त्या म्हणाल्या. "उनो च बोले थे. गुरुजी आयेंगे, बाकी का पोंछेंगे."

मला तिथं रडता आलं असतं तर बरं झालं असतं. मी चित्र परत गुंडाळलं आणि निघालो. दोन वर्षं त्यांनी आपल्या मुलाचा धूर चुलीपाशी नेला होता, माझा निळा पट्टा मळू नये म्हणून. आणि मी बाजारातून वळसा घालत होतो.

त्यानंतर मी ब्रश धरला नाही. चित्र माझ्याकडं आहे. घरातली मंडळी विचारतात, हे अर्धवट का, एकदा नीट पुसून काच तरी बसवा. मी हो म्हणतो. बेकरीवरून पाव येतो तेव्हा कधी कधी एक बाजूलाही काढून ठेवतो. दुसऱ्या दिवशी तो मीच चहाबरोबर खातो. बाकीचं मी अजून पुसलेलं नाही.